तुरईचा बैल

बाबांचा माग मोडला तेव्हा
लाकूड किलोवर गेलं,
गोळीबार चौकातल्या एका हॉटेलच्या भट्टीत.
उरला तुरईचा हातभर तुकडा.
तो शेषराव वाढईनं उचलला
आणि आठ दिवसांनी आणून दिला,
चार चाकांवर उभा.

शिंगं जरा जास्तच लांब झाली होती.
डाव्या कानाशी पटाशी घसरली,
म्हणून त्याला एकच कान.
आम्ही नाव ठेवलं बहिऱ्या.

तसं खेळायला काय नव्हतं आमच्याकडे!
रिकाम्या कांड्यांची आगगाडी :
इतवारीची छोटी लाइन नागभीडला जायची,
आमची मोरीपर्यंत.
चंगाअष्ट्यासाठी दगडावर घासलेले चिंचोके,
बिल्लसला फुटक्या कवेलूची खापर,
आणि मे महिन्यात, डांबर चपला धरून ठेवायचं तेव्हा,
घरातल्या घरात रेसटीप, सुताच्या ढिगामागे.
सापडलेला पोरगा
अंगभर कापूस घेऊन बाहेर यायचा.
कंचे गुणवंताचे.
त्यातला दुधी कंचा मी गिळला
असं घरात सगळे म्हणतात.
मी अजून कबूल केलेलं नाही.

बहिऱ्याची गोष्ट वेगळी.
पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी
मी त्याचे खांदे शेकायची,
हळद आणि तूप
(तूप आई देत नसे, मग नुसतं तेल),
आणि असलेल्या कानात सांगायची,
आज आवतन घे, उद्या जेवायला ये.

तान्ह्या पोळ्याला दोरी गुणवंताच्या हातात,
मी मागे,
चाक निखळलं तर बसवायला.

आणीबाणी उठली त्या वर्षी
त्याला गोवर निघाला.
मी बैल घेतला
आणि तोरणाखाली रांगेत उभी राहिले.
"पोट्टी काहून आली बे इथं?"
सोरत्यांचा भोजराज ओरडला.
"भाऊ बिमार हाय," मी म्हटलं,
"बैल नाही."
पंच हसले. भोजराजही हसला,
पण उशिरा.

बक्षीस मिळालं काचेच्या डोळ्यांच्या एका बैलाला,
तो ओढायला दोन माणसं लागत.
मला बोजारा :
पाच पैसे, दहा पैसे,
हेडाऊ काकूंकडे मूठभर मुरमुरे,
आणि एका घरी बंद दार,
आतून रेडिओ.

बाबांच्या समोर सगळ्यात शेवटी गेले.
ते तेव्हा मिलच्या गेटवर चौकीदार होते,
खाकी शर्ट, खिशाला शिट्टी.
चार आणे काढून ठेवले,
मग खाली बसले,
बैलाच्या पोटावरून अंगठा फिरवला,
जिथं वर्षानुवर्षांच्या दोऱ्यांनी
केसाएवढ्या रेघा पाडल्या होत्या.
बराच वेळ फिरवला.
"दोन धागे तुटलेले होते इथं,"
एवढंच म्हणाले,
आणि ड्युटीवर गेले.

जमले एक रुपया पस्तीस.
गुणवंताला मी त्यातले साठ पैसे दिले.
तो आजही फोनवर म्हणतो, चाळीस.

बहिऱ्या माझ्याकडे आहे,
मानेवाड्याला, तिसऱ्या मजल्यावर,
वॉशिंग मशीनच्या डोक्यावर.
कधी दिवे गेले की
मी त्याला हॉलमधून एक फेरी मारून आणते.
मागासारखा खट्‌खट आवाज येतो,
असं लिहायचा मोह होतो.
येत नाही.
पुढचं चाक नुसतं कुरकुरतं, तेल मागतं.

उद्या पोळा.
आता तूपही आहे घरात.
गुडघे दुखतात म्हणून त्यालाच
टेबलावर उचलून घेते,
खांदे शेकते,
उजव्या कानात आवतन देते.
मग जरा थांबून
डाव्या बाजूलाही वाकते,
जिथं कान नाही
तिथं.